ऐकणाऱ्याचे गुपित

मार्च 2025 मध्ये अमेरिकेतील एका निवृत्त तंत्रज्ञाच्या निधनाची वार्ता आमच्या वाचनात आली. मार्क क्लाइन हे त्यांचे नाव. बावीस वर्षे त्यांनी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत तारा जोडण्याचे आणि यंत्रे सांभाळण्याचे काम केले. आपल्याकडे हे नाव फारसे कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. आम्ही मात्र ती वार्ता दोनदा वाचली आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. तारुण्यात आम्हीही टेलिफोनच्या तारांपाशीच बसत होतो, आणि त्या गृहस्थांनी दाखविलेले धैर्य दाखविण्यास आम्हांस तब्बल अकरा वर्षे लागली होती.

ती हकिगत आज सांगण्यावाचून गत्यंतर नाही. 1974 साली आम्ही एका लहान गावच्या दूरध्वनी केंद्रात ट्रंक ऑपरेटर होतो. त्या काळी मुंबईला बोलायचे म्हणजे कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. आम्ही तिकीट लिहायचे, मुंबईच्या ऑपरेटरला गाठायचे, बोर्डावरील दोरी योग्य भोकात खुपसायची, दोन्ही बाजूंचा आवाज नीट येतो आहे ना, एवढे पाहायचे आणि बोलण्याची कळ मागे घ्यायची. कळ मागे घेतली की संभाषण त्या दोघांचे. ती तशीच ठेवली तर ते तिघांचे होई आणि तिसऱ्याचा पत्ता त्या दोघांना कधीच लागत नसे. संदेश बेकायदा ऐकणाऱ्या अथवा फोडणाऱ्या कर्मचाऱ्यास 1885 च्या तार कायद्यात कारावासाची तरतूद होती, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु रात्रपाळी लांब असते आणि कान तरुण असतात.

त्या पावसाळ्यात आमच्याच धर्मग्रामातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मुंबईतील आपल्या धाकट्या भावास कॉल लावला. ओळखीचा आवाज ऐकून आम्ही कळ मागे घेतली नाही. धर्मगुरू होण्यासाठी गेलेला त्यांचा मुलगा सेमिनरी सोडून परत निघाला होता. ‘गावात अजून कोणास ठाऊक नाही, तूही कोठे बोलू नकोस,’ असे सांगताना त्यांचा स्वर कातर झाला होता. सकाळी घरी गेल्यावर आम्ही ते आईला सांगितले. आईने आणखी एकीलाच सांगितले. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात ते कोणास ठाऊक नव्हते, असे उरले नाही.

त्या गृहस्थांनी हिशेब केला. आपण ही गोष्ट एकाच माणसाला सांगितली होती, तेव्हा फोडणाराही तोच. धाकट्याने शपथा घेतल्या, पण त्यांचा विश्वास बसला नाही. दोघे भाऊ बोलेनासे झाले. त्यांची आई वारली तेव्हा कबरीच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले आणि एकमेकांकडे न पाहता आपापल्या घरी गेले. आम्हीही तेथे होतो. हातात मूठभर माती होती आणि तोंडाला कुलूप होते.

आता क्लाइन यांच्याकडे वळू. 2003 साली सॅन फ्रान्सिस्को येथील फॉल्सम स्ट्रीटवरील कंपनीच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर एक खोली बांधली जात असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. तिचा क्रमांक 641ए. एनएसए या सरकारी गुप्तवार्ता संस्थेने पारखलेल्या माणसाखेरीज कोणासही तेथे प्रवेश नव्हता. काचतंतूंच्या तारांतून प्रकाशाच्या रूपाने लक्षावधी लोकांची इंटरनेटवरील पत्रे व संदेश वाहत असतात. त्या तारांवर प्रकाश दुभंगणारे एक उपकरण बसविले होते. एक धारा आपल्या मार्गाने पुढे जाई आणि तिची हुबेहूब प्रत त्या खोलीकडे वळे. आमच्या बोर्डावर एका वेळी एका संभाषणाची कळ उघडी राहू शकत होती. येथे एका शहरातून जाणाऱ्या अगणित संभाषणांची कळ कायमची उघडी ठेवली होती.

क्लाइन 2004 साली निवृत्त झाले. डिसेंबर 2005 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रसिद्ध केले की, 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी न्यायालयीन परवान्यावाचून संभाषणे ऐकण्यास एनएसएला मुभा दिली होती. वस्तुतः असा परवाना घेण्याचे बंधन 1978 च्या कायद्याने घातलेले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या नेत्याचे फोनही सरकारने चोरून ऐकले होते, हे उजेडात आल्यानंतरच्या काळात तो कायदा झाला होता. (किंग यांचा फोन ऐकण्यास 1963 साली संमती देणारे मंत्री रॉबर्ट केनेडी हे आपल्याच कॅथलिक पंथाचे होते, हेही विसरता कामा नये.) बातमी वाचून क्लाइन जानेवारी 2006 मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या कार्यालयात आपली कागदपत्रे घेऊन गेले. आपल्या नोकरीत जे पाहिले ते त्यांनी सांगून टाकले.

त्यानंतर न्यायालयात जे घडले ते वाचताना आम्हांस पुनःपुन्हा त्या दोन भावांची आठवण होत होती. कंपनीविरुद्धच्या हेप्टिंग खटल्यात ‘हे राज्याचे गुपित आहे, खटलाच चालवू नये,’ असे सरकारने सांगितले. न्यायाधीश वॉन वॉकर यांनी जुलै 2006 मध्ये ते अमान्य केले. तेव्हा जुलै 2008 मध्ये काँग्रेसने कायदाच बदलून दूरध्वनी कंपन्यांना पूर्वीच्या कृत्यांबद्दलही अभय दिले आणि खटला निकालात निघाला. दुसरा ज्युएल खटला थेट एनएसएविरुद्ध 2008 साली दाखल झाला. फिर्यादींची संभाषणे टिपली गेली की नाही, या प्रश्नाचे उत्तर हेच एक गुपित ठरले. क्लाइन यांच्या साक्षीबद्दल न्यायालयाचे म्हणणे असे पडले की, बंद खोलीच्या आत प्रत्यक्ष काय चालले होते हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हते. ज्या दाराआड कोणास जाऊ दिले नाही, त्या दाराआडचे पाहिले नाही म्हणून साक्ष अपुरी! जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला ऐकण्यास नकार दिला. एवढ्यात चौदा वर्षे सरली होती.

अल-हरमैन या संस्थेच्या वकिलांची कथा याहून विलक्षण आहे. त्यांच्यावरील पाळतीचा एक गुप्त कागद 2004 साली सरकारकडूनच चुकून त्यांच्या हाती आला. तो परत घेण्यात आला. आणि 2007 साली वरिष्ठ न्यायालयाने ठरविले की, त्या कागदात काय होते ते त्यांनी आठवणीतूनही न्यायालयात सांगू नये. फेब्रुवारी 2013 मध्ये क्लॅपर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले की, आपणावर पाळत असल्याची फिर्यादींची भीती निव्वळ अंदाजावर आधारलेली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदांवरून सरकारने कोट्यवधी नागरिकांच्या कॉलच्या नोंदी सरसकट गोळा केल्याचे जगास कळले.

राज्याच्या गुपिताचा हा अधिकार तेथे 1953 च्या रेनॉल्ड्स खटल्याने रूढ झाला. 1948 साली एक लष्करी विमान कोसळले होते. त्यात मरण पावलेल्या तिघा नागरी तंत्रज्ञांच्या विधवांनी अपघाताचा अहवाल मागितला. ‘त्यात लष्करी गुपिते आहेत’ या सरकारच्या शब्दावर न्यायालयाने अहवाल न वाचताच विश्वास ठेवला. सुमारे अर्ध्या शतकाने तो अहवाल खुला झाला. त्यात गुप्त यंत्राचा तपशील नव्हता. विमानाच्या देखभालीतील हयगय मात्र होती. ज्या खटल्यावर पुढची सारी गुपिते उभी राहिली, त्याच्या पायाशी ही गोष्ट आहे.

आपल्या देशाकडे पाहून समाधान मानावे, अशी स्थिती नाही. राजकारण्यांचे फोन ऐकले गेल्याचे 1991 साली उघड झाल्यावर पीयूसीएल या संघटनेने याचिका केली. 18 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, दूरध्वनीवरील संभाषण हा खाजगी जीवनाचा भाग आहे. ते ऐकण्यास गृह सचिवाचा आदेश हवा, मुदत दोन महिन्यांची, एकंदर सहा महिन्यांहून अधिक नाही, आणि समितीकडून फेरतपासणी हवी. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु आदेश देणारे अधिकारी आणि तपासणारेही अधिकारीच. 2023 च्या दूरसंचार कायद्यानंतरही ही रचना बदललेली नाही. ज्याचे संभाषण ऐकले, त्याला मागाहूनही कळविण्याची सोय नाही. 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले व ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितले. त्याला दाद मागता आली, कारण ती संभाषणे त्याच्याविरुद्धच्या खटल्यात पुढे आली होती. एरवी त्याला कळले असते कसे? पेगॅसस प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सुनावले की, राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणून सरकारला दर वेळी मोकळीक मिळणार नाही. समिती नेमली गेली, 29 फोन तपासले गेले; सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयानेच सांगितले.

राज्याने काहीच ऐकू नये, असे आमचे म्हणणे नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा मारेकऱ्यांचे त्यांच्या सूत्रधारांशी चाललेले संभाषण पोलिसांनी टिपले. पुढे न्यायालयात तो महत्त्वाचा पुरावा ठरला. पहारेकऱ्याला कान असावेतच. प्रश्न एवढाच की, पहारेकऱ्याने कोणाच्या दाराला कान लावला, हे घरधन्याला कधीतरी कळणार की नाही?

आपण ख्रिस्ती माणसे गुपिताचा अर्थ जाणतो. पापनिवेदनाचे गुपित ऐकणाऱ्याला बांधते. धर्मगुरूने जे ऐकले ते त्याला बोलता येत नाही, त्याचा वापरही करता येत नाही. त्या गुपिताने बोलणाऱ्या दुबळ्याचे रक्षण होते. राज्याचे गुपित पुष्कळदा याच्या उलट चालते. तेथे बोलणारा उघडा पडतो आणि रक्षण ऐकणाऱ्याचे होते. आमचे गुपितही याच दुसऱ्या जातीचे होते.

पापनिवेदनात आम्ही ते बोललो, तेव्हा धर्मगुरू म्हणाले, ‘देवाने क्षमा केली. पण त्या भावांना हे कोण सांगणार? मला तर सांगता येत नाही.’ तरीही आम्ही वर्षांमागून वर्षे टाळले. 1985 साली एका संध्याकाळी धीर करून त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि सर्व सांगितले. ते रागावतील, अशी तयारी ठेवली होती. ते रागावले नाहीत. कंदिलाच्या वातीकडे पाहत बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे धाकटा खरेच बोलत होता तर.’ धाकट्याला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

क्लाइन यांचे खटले हरले. पण ज्यांच्या तारा ऐकल्या गेल्या, त्यांना ते हयातीत कळले. कोणावर संशय घ्यावा आणि कोणावर घेऊ नये, हे कळले. एका कामगाराने वेळेवर तोंड उघडले म्हणून एवढे तरी झाले. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांची मुले आज दूरध्वनी कंपन्यांत, संगणकांच्या कचेऱ्यांत अशाच कळांपाशी बसलेली आहेत. सायंप्रार्थनेनंतर कधीतरी त्यांना ही दोन भावांची गोष्ट सांगावी, म्हणून हे लिहिले.