जिभेवरचं वजन

गळ्यातली गाठ काढून घोडपदेवला घरी आले आणि चहाचा पहिला घोट घेतला. गोड लागेना. साखर वाढवली, तरी तेच. जिभेची उजवी कड दाताखाली धरली, तर ती माझी वाटेना. बोलायला बंदी होती, म्हणून पाटीवर लिहिलं : ‘कापलं गळ्यात, मग बधिर जीभ का?’ उत्तर घरात कोणाकडेच नव्हतं.

तपासणीला गेले तेव्हा तीच पाटी डॉक्टरांपुढे धरली. ते म्हणाले, “बाई, स्वरयंत्र सरळ दिसावं म्हणून तोंडातून धातूची नळी घालतो. वाटेत जीभ येते, ती दाबली जाते. नळीचा दांडा छातीवर टेकवला, की आमचे दोन्ही हात मोकळे. जिभेची चेता दबली की बधिरपणा येतो, चव जाते. बहुतेकांची काही आठवड्यांत परत येते.” या पद्धतीचं नाव सस्पेन्शन लॅरिंगोस्कोपी. जर्मनीच्या गुस्ताव किलियन यांनी 1912 साली ती मांडली. मी पाटीवर मराठी केलं : ‘टांगतं गळादर्शन’. टांगलेलं काय, नळी की माझं डोकं, हे मात्र उमगलं नाही.

दाब किती असेल? स्वयंपाकघरातल्या काट्यावर कणकेचा गोळा ठेवला आणि चमच्याच्या पाठीनं दाबला. आकडा 1000 ग्रॅमवर गेला, कणकेत उथळ खळगा पडला. मग चमच्याच्या दांड्याचं टोक तेवढ्याच जोरानं दाबलं, तर ते आरपार ताटलीला लागलं. काटा दोन्ही वेळा 1000च दाखवत होता. लेकीनं आठवीच्या पुस्तकातला ‘बल व दाब’ हा धडा उघडून पुढ्यात ठेवला. मी मोजलं होतं ते बल. दाब हवा तर बलाला क्षेत्रफळानं भागायचं. वीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना हे दोन शब्द मी एकाच अर्थानं वापरत आले होते.

आरशासमोर चमचा जिभेवर हलकेच टेकवला. चमच्याच्या कडेलगत जीभ पांढरी पडली. चमचा काढला, तशी ती पुन्हा गुलाबी झाली. रक्त हटलं होतं. मग हिशेब मांडला. वरचा रक्तदाब 120 म्हणजे पाऱ्याचा 120 मिलिमीटर उंच स्तंभ. पारा पाण्याच्या 13.6 पट जड. म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 163 ग्रॅम. कणकेवरचा माझा एक किलो पाच चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर वाट्याला 200 येतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला दाब तर 163च्या कितीतरी खाली असतो. आणि भूल दिलेल्या माणसाला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही.

पुढच्या खेपेला आवाज फुटला होता. डॉक्टरांनी सांगितलं, की काही शल्यचिकित्सकांनी नळीला बलमापक जोडून जोर आणि वेळ दोन्ही नोंदवले आहेत. लांबलेल्या शस्त्रक्रियेत मध्येच दाब सैल करून जिभेला रक्त घेऊ देतात. मी विचारलं, “माझ्या जिभेवर किती होता?”

त्यांनी कागद चाळला. वेळ लिहिलेली होती, 35 मिनिटं. जोराचा रकाना त्यात नव्हता.