धावांच्या बेरजेत बांधलेले पत्ते

क्रीडापत्ता म्हणजे खेळाडूचे चित्र आणि त्याच्या कामगिरीचा तपशील छापलेला जाड कागदाचा लहान तुकडा. इंग्लंडमध्ये तो सिगारेटच्या पाकिटातून, अमेरिकेत पुढे च्युइंगमबरोबर घरोघर पोहोचला, तर महाराष्ट्रातील शहरांत ‘बिग फन’ बबलगम आणि ‘ट्रम्प कार्ड’ची डबी यांमधून तो मुलांच्या हाती आला. नाशिकरोड येथील एका घराच्या आवराआवरीत निघालेला अशा पत्त्यांचा संग्रह अलीकडे प्रस्तुत लेखकाकडे आला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रबराने बांधलेल्या जुड्या, एवढेच त्याचे स्वरूप होते.

छाननीची सुरुवात चित्रांपासून नव्हे, तर कागदापासून करावी लागते. पावसाळ्यातील दमटपणाने कडांवर तांबूस ठिपके पडलेले असतात आणि जुने रबर वितळून वरच्या पत्त्याला चिकटलेले असते. ते ओढले तर छपाईचा थर त्याच्याबरोबर निघून येतो, म्हणून रबर दोन्ही बाजूंनी कापून चिकटलेला भाग तसाच राहू देणे श्रेयस्कर ठरते.

त्यानंतरचा प्रश्न कालनिश्चितीचा. ट्रम्प कार्ड हा आकड्यांची तुलना करून समोरच्याचा पत्ता जिंकण्याचा खेळ असल्याने प्रत्येक पत्त्यावर सामने, धावा, बळी असे आकडे असतात. छपाईचे वर्ष दिलेले नसले, तरी हे आकडेच काळ सांगतात. या संग्रहातील सुनील गावसकरांच्या पत्त्यावर 125 कसोटी सामने आणि 10,122 धावा अशी नोंद आहे, आणि त्यांची अखेरची कसोटी मार्च 1987 मध्ये झाली असल्यामुळे तो पत्ता त्याआधीचा असू शकत नाही. कपिल देव यांच्या पत्त्यावर 432 किंवा त्याहून अधिक बळी असतील, तर तो 8 फेब्रुवारी 1994 नंतरचाच मानावा लागतो, कारण रिचर्ड हॅडली यांचा 431 बळींचा विक्रम त्या दिवशी अहमदाबादेत मोडला गेला.

प्रस्तुत लेखकाने प्रथम खेळाडूंच्या नावांप्रमाणे वर्गवारी आरंभली आणि दोन जुड्या मोडल्यानंतर ती चूक लक्षात आली. बबलगमच्या पत्त्यांवर धावा व बळी छापलेले असत आणि ते जमवून बक्षीस मिळवायचे असे. त्यामुळे जुड्या नावांप्रमाणे नव्हे, तर धावांच्या बेरजेप्रमाणे बांधलेल्या होत्या, आणि तिसऱ्या जुडीतील चिठ्ठीवर पेन्सिलीने मांडलेली बेरीज पत्त्यांवरील आकड्यांशी तंतोतंत जुळली. पहिल्या दोन जुड्यांचा हिशेब मात्र आता परत मिळणार नाही.

याच क्रमामुळे आणखी एक धागा हाती लागला. गावसकरांच्या वर उल्लेखिलेल्या पत्त्यामागे 1971 सालचे 20 पैशांचे टपाल तिकीट ठेवलेले होते. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली त्या वर्षी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मिळवलेल्या मालिकाविजयांच्या गौरवार्थ ते काढण्यात आले, आणि ते छापले गेले नाशिकरोडच्याच भारत प्रतिभूती मुद्रणालयात. वेस्ट इंडीजच्या त्याच दौऱ्यात गावसकरांनी कसोटी पदार्पण करून चार सामन्यांत 774 धावा काढल्या होत्या. पदार्पणाचे तिकीट आणि कारकिर्दीची अखेरची बेरीज ज्याने एकत्र ठेवली, त्याला हा इतिहास ठाऊक असावा. शिस्त म्हणून ते तिकीट वेगळ्या वहीत लावले असते, तर त्याची ही जाण पुसली गेली असती.

तात्पर्य असे की, संग्रहाची किंमत नंतर ठरवता येते, परंतु त्याची मांडणी एकदाच पाहायला मिळते. ज्यांच्या माळ्यावर असा डबा असेल, त्यांनी तो रद्दीत देऊ नये, पत्ते ओल्या फडक्याने पुसू नयेत, आणि एकही जुडी सोडण्यापूर्वी ती आहे त्या स्थितीत छायाचित्रात टिपून तिचा क्रम लिहून ठेवावा.