ट्राउटचं रीळ, तेरणेचं पाणी

धाराशिव जिल्ह्यात ट्राउट नाही आणि कधी असणारही नाही. तिला थंड, वाहतं पाणी लागतं. पाण्याचा पारा वीस अंशांच्या वर चढला की तिची तगमग सुरू होते. इंग्रजांच्या काळात ती काश्मीरला आणि निलगिरीला रुजली. बालाघाटाच्या उघड्या पठारावर तिला आणावं, असं कोणाच्या मनातही आलं नसेल. तरी माझ्याकडचं रीळ ट्राउटचंच आहे, चार नंबरच्या दोरीसाठी बनवलेलं, तळहातात मावणारं. माकणीच्या निम्न तेरणा जलाशयावर ते मी चिलापी आणि खवल्यांसाठी वापरतो. क्वचित एखादा रोहू लागतो, तेव्हा रिळात खाली काय भरलंय ते कळतं.

आपल्याकडच्या गळात शिसं जड असतं आणि ते तंगूस ओढून नेतं. फ्लायच्या गळात सगळं उलटं. पिसांची, दोऱ्यानं बांधलेली नकली माशी. तिला वजन म्हणून नाहीच. फेकायची असते ती दोरी, माशी नुसती तिच्या मागे जाते. म्हणून दोरी जाड आणि पुढे निमुळती, बैल हाकायच्या आसुडासारखी. मुठीतला झटका निमुळत्या टोकाकडे धावतो, तसा त्याचा वेग वाढतो. काठावरच्या एका भोई मामांनी ती हातात घेऊन विचारलं होतं, “एवढी जाड दोरी? मासं आंधळं हाय का?” प्रश्न अगदी रास्त. उत्तर दोरीच्या टोकाला असतं. तिथे सात-नऊ फूट बारीक तंगूस जोडायचं, माशाला दिसतं ते तेवढंच. ते पाहून मामा म्हणाले, “मग ठीक हाय.”

दोरीचा नंबर म्हणजे तिचं वजन. पहिल्या तीस फुटांचं वजन करायचं, ही मोजणी अमेरिकेत 1960च्या सुमारास ठरली. चार नंबरला 120 ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. पाचला 140, म्हणजे नऊ. फरक सव्वा ग्रॅमचा, पण वारा असला की तो हाताला कळतो. आणि आपल्याकडे वारा असतोच, नाहीतर या पठारावर पवनचक्क्या कशाला उभ्या राहिल्या असत्या? तीन नंबरची नाजूक दोरी इथे दुपारनंतर काठीभोवतीच गुंडाळते. दोन्ही टोकांना निमुळती असलेली डीटी दोरी उलटी करून दुसऱ्यांदा वापरता येते, कंजुषीला बरी. पण ती लहान रिळात फार जागा खाते आणि वाऱ्यात मागे पडते. पुढच्या भागात वजन असलेली, तरंगणारी डब्ल्यूएफ घ्यावी.

खरी गोम मात्र नंबरात नाही, उन्हात आहे. ट्राउटच्या नावानं विकली जाणारी दोरी थंड पाण्यासाठी केलेली असते. तिच्यावरचं प्लास्टिकचं आवरण मुद्दाम मऊ ठेवतात, गारठ्यात ती ताठ होऊन वेटोळी धरू नये म्हणून. एप्रिलमध्ये चाळीस अंशांत तीच दोरी लिबलिबीत होते, काठीच्या कड्यांना चिकटते आणि फेक अर्ध्यात मरते. उष्ण प्रदेशासाठीची दोरी वेगळी मिळते, कडक आवरणाची आणि आत ताठ गाभ्याची. डिसेंबरच्या पहाटे ती थोडी कुरकुरते, तेवढं चालवून घ्यावं. शिवाय काळ्या दगडाच्या कडा आणि काठावरची वेडी बाभूळ मऊ आवरणाची सालटं काढतात. वाळलेल्या गाळाची बारीक धूळ तर रोजची. ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय दोरी रिळात भरू नये.

आता बॅकिंग, म्हणजे दोरीच्या मागे, रिळाच्या तळाशी गुंडाळायचा बारीक विणीव धागा. नवशिके विचारतात, इथला मासा शंभर मीटर पळणार आहे का? नाही पळत. मरळ तर पळण्याऐवजी जवळच्या शेवाळातच घुसते. तरी बॅकिंग हवंच, कारण त्याचं पहिलं काम रीळ भरण्याचं. मोकळ्या बारीक दांड्यावर गुंडाळलेली दोरी स्प्रिंगसारखी वेटोळी धरते आणि एका फेऱ्यात जेमतेम चार बोटं गोळा होते. माझ्या रिळात वीस पाउंड ताणाचं डेक्रॉनचं बॅकिंग चाळीस-पन्नास मीटर बसतं. रोहूनं दोरी संपवलीच, तर ते पुरतं.

किती बसेल हे डबीवरच्या आकड्यांवर ठरवू नका. आधी दोरी रिळात भरा, तिच्यावर बॅकिंग भरत जा, कडेला तीन-चार मिलिमीटर उरले की कापा. मग सगळं सोडून उलट्या क्रमानं भरा. सोडलेली दोरी पसरायला शेताचा लांब बांध आणि लिंबाची दोन झाडं पुरतात. पैसे वाचवायला खाली तंगूस भरणारे आहेत. तंगूस ताणलं की लांबतं, गुंडाळल्यावर आकसतं आणि त्या दाबानं हलक्या रिळाचा दांडा वाकतो. अति बारीक जेलस्पन धागाही नको. तो बोट कापतो, सैल भरला तर स्वतःच्याच थरांत रुततो, आणि इथे त्याची गरजही नाही.

पैसे घालायचे तर दोरीवर घाला, रिळावर नको. चिलापीपुढे रिळाच्या महागड्या ब्रेकला काही काम नसतं. आणि पाण्यावर जाण्याआधी मासेमारीचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. बोटुकली त्यांनी सोडलेली असते आणि दुष्काळात पाणी आटलं की नुकसानही त्यांचंच होतं.