बारमाही

निवृत्तीनंतर नावेवर बिऱ्हाड करावे, ही आमची जुनी हौस. झेलमवरच्या डुंग्यांत कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहिली. मग उज्जयिनीच्या क्षिप्रेवर आम्ही का राहू नये?

रामघाटावरच्या वृद्ध नावाड्याला हे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "साहेब, नाव बारमाही आहे, पाणी कुठे बारमाही आहे?"

आम्ही निरुत्तर झालो. क्षिप्रा म्हणजे वेगवती. परंतु २०१४ पासून नर्मदेचे पाणी पंपांनी चढवून तिच्या उगमाशी सोडावे लागते. २०१६ च्या सिंहस्थातले स्नानही त्याच आधारावर झाले. नदी आटते ती केवळ उन्हाने नव्हे. काठच्या कूपनलिका तिचे झरे आधीच उपसून घेतात, आणि तशा काही परवानग्यांच्या कागदांवर आमचीही सही आहे. तेव्हा ते नियमात होते. आज नियम आठवतो, तो समाधान देत नाही.

नावेवरचे बिऱ्हाड राहिलेच. ज्येष्ठात पाणी उतरले की काठाला ओढलेल्या त्या नावेत आम्ही संध्याकाळी जाऊन बसतो. नावाडी भाडे घेत नाही. त्याने घेतले असते, तर बरे वाटले असते.