धुमाकुळाचा इरादा

नातवाच्या खोलीतून येणारा आवाज मिक्सर बिघडल्याचा आहे, असं समजून मी दोनदा स्वयंपाकघरात डोकावून आलो. तिसऱ्यांदा त्यानंच हाक मारली. "आजोबा, हे झांबियाचे लोक. तुमच्याच वयाचे!" वय काढल्यावर माणूस बसतोच ऐकायला.

बँडचं नाव 'विच'. मला वाटलं, चेटकीण. पण ती निघाली आद्याक्षरं : 'वुई इंटेंड टू कॉज हॅवॉक'. म्हणजे, आमचा धुमाकूळ घालण्याचा इरादा आहे! अशी रीतसर नोटीस देऊन धुमाकूळ घालणारी मुलं मला एकदम आवडली.

त्यातून निमित्त चक्क सरकारी. झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा स्वतः गिटार वाजवणारे. सत्तरच्या दशकात त्यांनी फर्मावलं, की रेडिओवर ९५ टक्के संगीत झांबियाचंच हवं. आता तांब्याच्या खाणींच्या मुलखातली ही पोरं वाढलेली हेंड्रिक्स आणि रोलिंग स्टोन्सवर. त्यांनी करवतीसारखा आवाज काढणारी गिटार तशीच ठेवली, तिच्याखाली ताल घातला घरचा, आणि शब्द कधी इंग्रजी, कधी बेंबा. झाला झॅमरॉक! 'विच'चा गायक इमॅन्युएल चांडा. मिक जॅगरवरून लोक त्याला 'जगारी' म्हणू लागले. साहेबाचं नावसुद्धा धुऊन, वाळवून, घरचं करून घेतलं.

पुढे तांब्याचे भाव कोसळले. शेजारच्या ऱ्होडेशियातल्या लढाईमुळे रात्रीची संचारबंदी आली, तर हे भर दुपारी रॉक वाजवू लागले. (दुपारी आमच्याकडे साधी बेल वाजवली तरी भांडण होतं.) मग एड्स आला. त्यानं एकेक करून किती वादक नेले! जगारी आधी मास्तर झाला, मग रत्नं शोधत जमीन खणत बसला. २०१०नंतर त्या जुन्या तबकड्या परदेशात पुन्हा निघाल्या, त्याला बोलावणी आली, आणि २०२३ साली, सत्तरी ओलांडल्यावर, 'विच'चा नवा अल्बम निघाला : 'झांगो'.

"साथीदार?" मी विचारलं.

"बहुतेक नवे. मूळ संचातला तो एकटाच."

चाळीतल्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी बोंगो वाजवत असे. चौघांपैकी अ‍ॅकॉर्डियनवाला आणि मी, दोघंच उरलो आहोत. त्याला फोन लावला. म्हणाला, "कानाला यंत्र लावून येतो."

"बोंगो माळ्यावर आहे हो," सौभाग्यवती आतूनच म्हणाल्या, "पण त्याचं कातडं उंदरांनी केव्हाच खाल्लंय."

नातू शिडी आणायला गेला.