नांदेड ते लातूर : कापडाच्या वाटेने

नांदेडहून लातूरला जायचे म्हणजे लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत जावे लागते. या रस्त्याने आमचे जाणेयेणे जुने. कधी कचेरीच्या कामाने, कधी कोणाच्या सोयरिकीसाठी, कधी सभेसाठी. यंदा मात्र तीन वेळा गेलो ते कापडाच्या कामाने. आमच्या वस्तीतील एक मुलगी लातूरला फॅशन डिझाईनचा अभ्यासक्रम करीत आहे. मुलगी अजून शिकत आहे म्हणून तिचे नाव येथे देत नाही. वडील मोंढ्यात हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. अभ्यासक्रमात एक महिना एखाद्या कारखान्यात प्रत्यक्ष काम करायचे असते आणि त्यासाठी पालकांची संमती, हमीपत्र, फोटो, शिक्के असे बरेच कागद लागतात. कागद म्हटला की वस्तीतील लोक आमच्याकडे येतात. तसे तिचे वडीलही आले. म्हणाले, "दादा, तुम्हीच जाऊन या. मला तिथं काय समजंना."

लातूर आज ओळखले जाते ते शिकवणी वर्गांनी. लातूर पॅटर्न म्हणून जे नाव झाले, त्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले येतात. डॉक्टरकीच्या परीक्षेची मोठमोठी पोस्टरे, त्यावर गुणांसह मुलांचे चेहरे. खोली करून राहणाऱ्या मुलींत आमची ही मुलगी राहते. बाकीच्या जणी जीवशास्त्राची पुस्तके घेऊन बसतात आणि ही कागदावर बाहीचा गोल काढीत बसते. पहिल्या दिवशी कोणी विचारले, "शिवणकामाला एवढ्या लांब कशाला आलीस? ते तर गल्लीत शिकता येतं." हे बोलणे परक्यांचेच नाही. आपल्या समाजातही मुलगी नापास झाली, नवऱ्याने टाकली की लोक म्हणतात, घेऊन द्या एक शिलाई मशीन. शिलाई हे विद्येचे काम आहे असे आपण मानीत नाही. आम्ही बी.कॉम. झालेले, आकड्यांत आयुष्य गेले, तरी तिची वही पाहून थक्क झालो. छातीचे माप चार भागांत वाटून त्यात ढिलाई किती द्यायची, मुंढ्याची खोली किती, उतार किती, सगळे गणित.

प्रत्यक्ष कामाचा महिना मात्र तितका चांगला गेला नाही. तयार कपड्यांच्या ज्या कारखान्यात ती गेली, तेथे तिला पहिले अठरा दिवस धागे कापायला बसविले. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबणारे धागे कात्रीने छाटायचे आणि घडी करून ढिगावर टाकायचे. मानधन नाही. शेवटी तिने मास्तरांना सांगितले की मला वहीत काय काम केले ते लिहून द्यायचे आहे, धागे कापले एवढेच कसे लिहू? तेव्हा कोठे कॉलर लावण्याच्या मशीनवर बसायला मिळाले. आम्ही तिला विचारले, हे अठरा दिवस वाया गेले काय? ती म्हणाली, "नाही काका. कोणत्या कारागिराची शिलाई कुठं सुटते हे धागे कापतानाच कळलं." तरीही आमचे म्हणणे असे की शिकणाऱ्या मुलीचे काम फुकट घ्यायचे आणि त्याला शिक्षण म्हणायचे हे बरोबर नाही. निदान जाण्यायेण्याचे पैसे तरी द्यावेत. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट झाले म्हणून तिचे निभावले.

परतीच्या प्रवासात तिच्या गळ्यात मापाची फीत तशीच राहिली होती. ती पाहून आम्हाला आमच्या वडिलांचे बोलणे आठवले. ते सांगत, गावात शिंपी आपल्या अंगाला फीत लावीत नसे. दूर उभे करायचा, नजरेने अंदाज घ्यायचा आणि शिवून द्यायचा. म्हणून जुन्या फोटोंतील आपल्या माणसांचे सदरे कोणाला ढगळ तर कोणाला आखूड दिसतात. बाबासाहेबांनी लहानपणच्या आठवणींत लिहिले आहे की साताऱ्यात न्हावी त्यांचे केस कापीत नसे, बहीणच कापायची. न्हाव्याचा वस्तरा आणि शिंप्याची फीत, दोन्ही अंगाला लागणाऱ्या वस्तू. आता आपलीच मुलगी कोणाच्याही खांद्यावर फीत ठेवते आणि माप सांगते. गिऱ्हाईक निमूटपणे हात वर करून उभे राहते.

वेशभूषा हा विषय बाबासाहेबांनी कधी किरकोळ मानला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे गुडघ्यावर नेसण्याची आणि जाड कथिला-चांदीचे दागिने घालण्याची रीत हीच तुमची अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी बाया लुगडी पायघोळ नेसून आल्या. फॅशनच्या पुस्तकांत पॅरिसचा इतिहास असतो, महाडचा नसतो. या मुलीने आपल्या प्रकल्पाच्या वहीत महाडचे एक पान घातले. बाईंनी ते राहू दिले, हे विशेष.

लातूरपासून फार लांब नाही असे एक गाव आहे, तेर. आता धाराशिव जिल्ह्यात येते. दुसऱ्या खेपेला वेळ काढून आम्ही तिला व तिच्या मैत्रिणीला तेथे नेले. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने पेरिप्लस नावाचे जे वर्णन लिहिले, त्यात तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे गाड्यांत भरून भडोच बंदराला जात असे सांगितले आहे. तेथून ती जहाजाने परदेशी. म्हणजे आज आपण ज्याला एक्स्पोर्ट म्हणतो तो धंदा या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी होता! उत्खननात तेरला बौद्ध स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत. व्यापारी, विणकर आणि भिक्खू यांचा एका गावात वावर होता. गावातील लामतुरे वस्तुसंग्रहालयात मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. मुली दागिने सोडून त्यांच्या अंगावरच्या चुण्या पाहत राहिल्या. आम्हाला त्यातले काही दिसले नाही. त्यांना दिसले.

ज्या मातीतून कापड जगभर गेले, तेथेच पुढे कापड विणण्याच्या कामात आपल्या माणसाला आडकाठी झाली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातील कांडी बदलली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात कसा धरणार? पगार त्याच खात्यात अधिक. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे ठेवला. नांदेडलाही निजामाच्या काळापासून उस्मानशाही मिल होती. पुढे ती सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी म्हातारी माणसे अजून वस्तीत भेटतात.

मिल गेली तरी नांदेडला कापडाचे एक काम राहिले आहे, आणि ते पुष्कळांना माहीत नाही. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या वतीने येथे राष्ट्रध्वज शिवले जातात. ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यात उदगीरला विणले जाते, धुऊन रंगवायला अहमदाबादला जाते आणि शिलाईला नांदेडला येते. म्हणजे नांदेड-लातूरचा हा कापडी संबंध रोज चालू आहे. आम्ही खादी भांडारातून एक ध्वज विकत घेऊन मुलीच्या हाती दिला. तिने आधी तो उलटा केला! शिलाई आतून पाहिल्याशिवाय कापड कळत नाही म्हणे. तीन पट्टे वेगवेगळे कापून जोडलेले, लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन, पांढऱ्या पट्ट्यावर चक्र दोन्ही बाजूंनी एकावर एक नेमके आलेले. ध्वजाची प्रमाणित मापे नऊ आहेत. सर्वात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वात लहान टेबलावरचा १५० बाय १०० मिलिमीटर.

खादी म्हटले की आपले वाचक भुवया उंचावतील. चरख्याशी आपले काय देणेघेणे? बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात यंत्राला नकार देणाऱ्या विचाराची चांगलीच झडती घेतली आहे. माणसाला फुरसत मिळाली तरच तो विद्या आणि संस्कृतीकडे वळेल आणि ती फुरसत यंत्र देते, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांच्याच बाजूचे. पण ध्वजावर जे आहे तो चरखा नव्हे. १९४७ साली डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली जी ध्वज समिती नेमली गेली, तिच्यात बाबासाहेब सभासद होते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने जो ध्वज स्वीकारला, त्यावर चरख्याच्या जागी सम्राट अशोकाचे सारनाथचे चोवीस आऱ्यांचे धम्मचक्र आले. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या कापडाचाही ध्वज चालतो. तेव्हापासून हातमागाच्या ध्वजाला बाजारातल्या स्वस्त मालाशी टक्कर द्यावी लागते. उदगीरच्या मागावर आणि नांदेडच्या मशीनवर बसणाऱ्या मजुरांच्या पोटाचा हा प्रश्न आहे, तो खादीवाद्यांचाच म्हणून सोडून देता येत नाही.

राष्ट्रध्वज पाहून झाल्यावर मुलीच्या डोक्यात पंचशील ध्वज आला. पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषद भरते, त्यासाठी वस्तीकडून न्यायचे ध्वज यंदा बाजारातून छापील न आणता आपण शिवायचे असे तिने ठरविले. हा ध्वज १८८५ साली कोलंबोत प्रथम फडकला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी असे पाच उभे पट्टे आणि सहावा पट्टा त्याच पाच रंगांच्या आडव्या तुकड्यांचा. दिसायला सोपा, शिवायला सहावा पट्टा त्रास देतो. ३६ बाय २४ इंचांचा ध्वज घेतला तर प्रत्येक पट्टा ६ इंचांचा, आणि सहाव्यातला प्रत्येक तुकडा २४ भागिले ५ म्हणजे ४.८ इंच उंचीचा. तिने पहिला ध्वज याच मापाने कापला आणि सहावा पट्टा चार इंच तोकडा आला. कारण पाच तुकड्यांत चार जोड, प्रत्येक जोडात दोन्हीकडचे अर्धा अर्धा इंच कापड आत जाते. मग तुकडे ५.८ इंचांचे घेतले तेव्हा बरोबर बसले. हा हिशेब आम्ही घरी कागदावर मांडून पाहिला आणि बरोबर निघाला. घरी शिवू पाहणाऱ्या भगिनींनी टिपून ठेवावा. उभे पट्टेही दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच जास्त ठेवून ७ इंचांचे कापावेत. कपडा सुती असावा, पॉपलीन चालते, मात्र आधी भिजवून वाळवावे, नाहीतर लाल रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो.

विहारात ध्वज शिवणे चालू असताना भन्तेजी आले होते. त्यांनी मुलींना एक गोष्ट सांगितली, ती विनयपिटकातील आहे. भगवान बुद्धांनी मगधातील भाताची शेते पाहिली. बांध घातलेली, चौकोनी, मध्ये आडवे-उभे कालवे. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्खूंसाठी असे चीवर करता येईल काय? आनंदाने कापडाचे तुकडे कापून, जोडून, मधले पट्टे व कडा घालून चीवर तयार केले आणि भगवंतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. आजही भिक्खूंचे चीवर असेच तुकड्यांचे असते. अखंड कापड चोराला मोहात पाडते, तुकड्यांचे पाडत नाही, हाही एक व्यवहार. वर्षावासानंतर कठीण चीवर दान होते, त्यात कापड एकाच दिवसात कापायचे, शिवायचे व रंगवायचे असते. 'कठिन' हे मुळात कापड ताणून शिवण्याच्या लाकडी चौकटीचे नाव. हे ऐकून मुलगी म्हणाली, "म्हणजे भन्तेजी, आनंद आमच्या लाईनीतले." भन्तेजी हसले. वस्तीतील एका आजीला हे बोलणे आवडले नाही. आम्हाला आवडले.

तिचे स्वतःचे खरे काम मात्र निळे कोट आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लहान मुले बाबासाहेबांच्या वेशात येतात. बाजारात मिळतो तो कोट चकचकीत, खांद्यावर फुगलेला, एका वर्षात उसवतो. हिने टेरिकॉटचे निळे कापड घेऊन चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या मापाचे कोट शिवायला घेतले. आईचे पायाचे जुने मशीन, त्यावर रात्री. लहान कोट मोठ्याहून अवघड. लॅपल नीट मोडली पाहिजे, आतले कॅनव्हास टोचता कामा नये, वरच्या खिशात पेन उभे राहिले पाहिजे, आणि बाही इतकी मोकळी हवी की मुलाला बोट वर करता येईल.

येथे एक वाद झाला तो सांगितला पाहिजे. जयंती मंडळातील काही कार्यकर्त्यांचे म्हणणे पडले की समाजाचे काम आहे, शिलाई कशाला घ्यायची? मंडपवाल्याचे, डीजेवाल्याचे पैसे रोख मोजून देणारे हेच लोक. आम्ही मंडळाचा हिशेब पाहतो. आम्ही बैठकीत विचारले की कारखानदाराने तिचे काम फुकट घेतले ते आपल्याला खटकते, मग आपण कोण? बराच वेळ गोंधळ झाला. शेवटी कोटामागे दोनशे रुपये शिलाई ठरली, कापड मंडळाचे. अकरा कोट झाले. तिच्या आयुष्यातील पहिली पावती आम्हीच फाडली, त्यावर तिने इंग्रजीत लफ्फेदार सही केली.

आता पुण्याहून एका कपडे तयार करणाऱ्या कंपनीचे पत्र आले आहे. सहा महिने काम, मानधनासह. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळेल असेही लिहिले आहे. आई तयार आहे. वडील म्हणतात, लातूरपर्यंत ठीक होते, पुणे लांब, आणि तिच्या मामाने एक स्थळ आणले आहे, मुलगा नोकरीवाला आहे. मुलगी काही बोलत नाही, राहिलेल्या कोटांची बटणे लावीत बसते. पत्राला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे आहे, त्यातले सहा दिवस गेले. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातल्या दोन-तीन जाणत्या बायांना बरोबर घेऊन आम्ही तिच्या वडिलांशी बोलायला जाणार आहोत.