मामांची बोटभर माती

वनस्पतिशास्त्राची पदवी मला महाविद्यालयानं दिली, पण पठार कसं वाचायचं ते शिकवलं मामांनी. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, कासच्या सड्यावर त्यांची म्हसरं चरायची. शाळेशी त्यांचा फारसा संबंध आला नाही, तरी कोण कुठं उगवणार हे ते पावसाच्या आधीच सांगायचे.

फुलं पाहून मी हरखलो की म्हणायचे, "फुलाकडं मागनं बघ. आधी मातीत बोट घाल."

जांभ्याच्या उघड्या कातळावर बोट रुततच नाही. तिथं शेवाळ आणि दगडफूल. ती मरून, कुजून, त्यात धूळ अडकून नखभर माती साचते आणि वर पाण्याचा पातळ थर थांबतो, तिथं सीतेची आसवं. पेरभर मातीत गेंद आणि तेरडा. अख्खं बोट गेलं की गवत, नाहीतर टोपली कारवी. मामा लग्नं-बारशी या कारवीवरून सांगायचे, कारण ती सात वर्षांनी एकदाच फुलते.

एकदा त्यांनी सीतेच्या आसवांचं रोप चिखलासकट उचललं, ओहोळात अलगद धुतलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मुळांसारख्या धाग्यांना मोहरीहून बारीक, पारदर्शक पिशव्या होत्या. त्या कशासाठी, हे मला पुढं वर्गात कळलं: इथल्या मातीत नत्र नावालाच, म्हणून ही वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पिशवीत ओढून पचवते. पण वर्गातली ती आकृती पाहताना मला सगळं ओळखीचं वाटलं, ते मामांमुळं.

म्हसरांबद्दल त्यांचा हिशेब पक्का होता. खुरांनी आणि चरण्यानं गवत आवरतं, बुटक्या फुलांना ऊन मिळतं. मात्र साचल्या पाण्यात ते जनावर रेंगाळू द्यायचे नाहीत; शेण पडलं की "जमीन माजती" म्हणायचे. नत्र वाढलं की पिशव्यांवर जगणाऱ्या वनस्पतीचे वरचष्म्याचे दिवस संपतात आणि गवत पुढं सरकतं, ही गोष्ट मी पानंच्या पानं वाचून शिकलो. त्यांनी ती दोन शब्दांत सांगितली होती.

२०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं. गर्दी वाढली, जाळीचं कुंपण आलं, गुरांचा वावर तुटला. "आता गवात वर येनार," मामा म्हणाले. कुंपणामुळं फुलं कमी होतात का यावर पुढं बराच वाद झाला आणि जाळी निघालीही. फुलं वाचवायची तर ती ज्यांच्या सोबतीनं वाढली, त्या गुराख्यांना आधी विचारायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

मामा आता नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत फुलाच्या नावाआधी एक रकाना असतो: मातीची खोली. तो भरल्याशिवाय मी पुढचं पान उलटू देत नाही.